राज्याच्या सभागृहातून अमेरिकेच्या संसदेत माणूस जातो कसा?

प्रश्न सांगलीच्या एका गृहस्थांचा आहे. त्यांचा भाचा इलिनॉयमध्ये लहानाचा मोठा झाला, तिथलाच नागरिक आहे आणि नुकताच गावच्या स्कूल बोर्डावर, म्हणजे तिथल्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर निवडून आला आहे. आता त्याने घरी जाहीर केलंय की पुढे राज्याचं विधिमंडळ आणि मग वॉशिंग्टन. मामांनी विचारलंय, "आपल्याकडे आमदाराचा खासदार होतो, तसंच तिकडे असतं का? तिकीट कोण देतं? ओबामा राज्यातूनच वर गेले ना, मग नेमके कसे गेले? आणि आपल्यापैकी कुणी या वाटेने गेलं आहे का?"

शिकागो आणि आसपासच्या उपनगरांत मी वीसेक वर्षं निवडणुकीची कामं करते आहे. उमेदवारी अर्जासाठी सह्या गोळा करणं, मतदार याद्या तपासणं, दारोदार फिरणं ही माझी कामं. मधली दोन वर्षं एका आमदारांच्या कार्यालयात होते, त्यामुळे स्प्रिंगफील्डचं, म्हणजे इलिनॉयच्या राजधानीतलं विधिमंडळही जवळून पाहिलं. त्या भांडवलावर उत्तर देते. लांबेल, पण मामांनी विचारलंय ते दोन ओळींत सांगण्यासारखं नाही.

आधी तिकिटाचं. इथे तिकीट कुणी देत नाही. पक्षाध्यक्षाच्या दारात रांग लावायची पद्धत नाही आणि एबी फॉर्मही नाही. पक्षाचा उमेदवार पक्षाचे मतदार ठरवतात, प्रायमरी म्हणजे प्राथमिक निवडणुकीत. इलिनॉयमध्ये ती बहुधा मार्चमध्ये होते. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव यावं म्हणून ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या आणाव्या लागतात. पक्षाचे स्थानिक पुढारी पाठिंबा देतात आणि त्याला वजन असतं, पण त्यांच्या नाकावर टिच्चून उभं राहून जिंकलेले लोक मी पाहिले आहेत.

दुसरं, वयाचं आणि नागरिकत्वाचं. काँग्रेस म्हणजे इथली संसद. तिच्या हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जसाठी वय २५ आणि नागरिकत्वाची ७ वर्षं लागतात, सिनेटसाठी ३० आणि ९. हाउसमध्ये ४३५ जागा, सिनेटमध्ये १००. राज्यांच्या विधिमंडळांतही बहुधा हाउस आणि सिनेट अशाच नावांची दोन सभागृहं असतात, आणि तिथे मात्र सगळे मिळून सात हजारांवर लोक बसतात. त्यांतल्या बहुतेकांच्या मनात कधी ना कधी वॉशिंग्टन येऊन जातं, आणि काँग्रेसमधले जवळजवळ निम्मे सदस्य याच वाटेने आलेले असतात. म्हणजे वाट खरी आहे, पण तिचं तोंड फार अरुंद आहे. बसलेला खासदार सहसा हरत नाही. तो निवृत्त होईल, वर जाईल, मरेल किंवा तुरुंगात जाईल, तेव्हाच जागा सुटते. या धंद्यातली माणसं सगळ्यात आधी विचारतात ते हेच: "जागा मोकळी आहे का?"

ओबामांची गोष्ट याच प्रश्नापासून सुरू होते, आणि ती सुरू झाली दुसऱ्याच्या जागेवरून.

१९९५ साली शिकागोच्या दक्षिण भागातले खासदार मेल रेनॉल्ड्स फौजदारी खटल्यात दोषी ठरले आणि त्यांनी राजीनामा दिला. रिकाम्या जागेवर राज्याच्या सिनेटर अ‍ॅलिस पामर उभ्या राहिल्या. त्या वॉशिंग्टनला गेल्या तर त्यांची राज्यातली जागा सुटणार होती. त्या जागेसाठी ३४ वर्षांच्या ओबामांनी नाव जाहीर केलं. ते तेव्हा वकिली करत होते, शिकागो विद्यापीठात घटनाविषयक कायदा शिकवत होते आणि त्यापूर्वी याच भागात वस्तीसंघटक म्हणून राबले होते. १९९२ मध्ये मतदार नोंदणीची मोठी मोहीमही त्यांनी चालवली होती. मतदार यादी म्हणजे काय चीज आहे हे या माणसाला ठाऊक होतं, एवढं लक्षात ठेवा.

नोव्हेंबर १९९५ मधली ती विशेष प्रायमरी पामर हरल्या. जिंकले जेसी जॅक्सन ज्युनियर, ज्यांनी राज्याच्या विधिमंडळात एक दिवसही काढलेला नव्हता. त्याच लढतीत राज्य सिनेटमधले आणखी एक ज्येष्ठ हरले, एमिल जोन्स. हे नाव पुढे येणार आहे. हरल्यावर पामरबाईंना आपली जुनी जागा परत हवी झाली. ओबामांनी मागे हटायला नकार दिला. पामरबाईंनी अगदी थोड्या दिवसांत सह्या गोळा करून अर्ज भरला. ओबामांच्या माणसांनी ते कागद काढले, एकेक सही मतदार यादीशी ताडून पाहिली आणि हरकती घेतल्या. ७५७ वैध सह्या हव्या होत्या, पामर यांच्या तेवढ्या भरल्या नाहीत. बाकी उमेदवारांचे अर्जही तसेच गळाले. मार्च १९९६ च्या प्रायमरीत मतपत्रिकेवर एकच नाव उरलं. ज्यांच्या आशीर्वादाने माणूस उभा राहिला, त्यांनाच त्याने कागदावर बाद केलं, असं आजही शिकागोत बोललं जातं. माझं मत वेगळं आहे. मतदारांच्या सहीला किंमत द्यायची तर ती खरी आहे की नाही हे पाहायलाच हवं. घाईत कागद भरणाऱ्याला सूट आणि वेळेवर नीट काम करणाऱ्याला शिक्षा, हा कुठला न्याय?

या सह्यांच्या कागदाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण भाच्याची पहिली परीक्षा तिथेच आहे आणि मी आयुष्याची बरीच वर्षं त्यातच घालवली आहेत.

लांबट कागद असतो. वर उमेदवाराचं नाव, पत्ता, पक्ष आणि पद छापलेलं असतं. खाली ओळी: सही, छापील अक्षरांत नाव, रस्ता आणि घर क्रमांक, गाव, कौंटी (म्हणजे जिल्हा). तळाशी, सह्या घेणाऱ्याने त्या आपल्यासमोर झाल्याचं प्रतिज्ञापत्र असतं आणि त्यावर नोटरीचा शिक्का लागतो. सगळे कागद क्रमांक घालून एकत्र बांधावे लागतात. सही करणारा त्याच मतदारसंघात, त्याच पत्त्यावर नोंदलेला मतदार असावा लागतो. घर बदललं आणि नोंद जुन्या पत्त्यावर राहिली, तर सही गेली. त्याच निवडणुकीत दुसऱ्या पक्षाच्या कागदावर आधी सही केली असेल, तरी गेली.

आपल्या माणसांची एक सवय इथे हमखास नडते. काही वर्षांपूर्वी एका मराठी कार्यक्रमात आम्ही सह्या घेत होतो. जेवणाच्या रांगेच्या कडेला टेबल लावलं होतं. एक काका आले, आनंदाने सही केली आणि खालच्याच ओळीत त्याच पेनाने पत्नीचंही नाव लिहून सही करून टाकली. काकू चार पावलांवर मठ्ठ्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. आमच्या नव्या पोराच्या लक्षात आलं नाही. त्याच कागदावर अशा तीन जोड्या निघाल्या. समोरच्यांच्या वकिलाने एकाच हस्ताक्षराच्या त्या ओळी दाखवल्या, आणि वाद सहा सह्यांवरून सह्या घेणाऱ्याच्या प्रतिज्ञापत्रावर गेला. "माझ्यासमोर सही झाली" हे विधानच खोटं ठरलं, तर त्याने आणलेले सगळे कागद धोक्यात येतात. आमचा उमेदवार थोडक्यात बाद झाला. चांगला माणूस होता, तयारीचा होता. तेव्हापासून माझा नियम आहे: लागतील त्याच्या तिप्पट सह्या आणायच्या आणि रोज रात्री, त्या दिवशीचे कागद मतदार यादीशी ताडल्याशिवाय झोपायचं नाही. आज राज्याच्या हाउससाठी किमान ५०० आणि राज्य सिनेटसाठी किमान १,००० सह्या लागतात. ऐकायला आकडा लहान वाटतो. ऑगस्टच्या उन्हात पन्नास दारं ठोठावल्यावर तो लहान वाटेनासा होतो.

असो. ओबामा जानेवारी १९९७ मध्ये स्प्रिंगफील्डला पोहोचले. शिकागोपासून तीनशेहून अधिक किलोमीटर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या सपाट शेतांतून सरळ जाणारा रस्ता. अधिवेशनाच्या आठवड्यात सदस्य तिथे राहतात आणि मग घरी परततात. राज्य सिनेटमध्ये ५९ जागा आहेत. तेव्हा बहुमत रिपब्लिकनांचं होतं, ओबामा डेमोक्रॅट. विरोधी बाकावरच्या नवख्याचं विधेयक समितीतच गाडलं जायचं. सहा वर्षं हीच स्थिती होती.

या सहा वर्षांत माणूस काय करतो, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ओबामांनी दोन गोष्टी केल्या. एक, विरोधी पक्षातल्या लोकांशी कामापुरतं सख्य जोडलं. १९९८ मध्ये पुढाऱ्यांना मिळणाऱ्या भेटवस्तूंवर आणि निवडणूक निधीच्या खासगी वापरावर बंधन घालणारा कायदा झाला, त्यात रिपब्लिकन कर्क डिलर्ड यांच्याबरोबर त्यांनी काम केलं. हे काम त्यांच्याकडे सोपवलं होतं डेमोक्रॅट गटाचे नेते एमिल जोन्स यांनी. आपल्याच सहकाऱ्यांच्या खिशाला हात घालणारं विधेयक कुणालाच नको असतं, ते नवख्याच्या गळ्यात पडलं आणि त्याने ते पार नेलं. दुसरी गोष्ट, ते शिकागोबाहेर फिरले. इलिनॉयमध्ये शिकागो आणि बाकीचं राज्य ही दोन जगं आहेत. दक्षिण टोकाची गावं शिकागोपेक्षा केंटकीला जवळची, बोलण्याचालण्यातही. तिथल्या आमदारांबरोबर ते संध्याकाळी पत्ते खेळायला बसत, हे सगळ्यांना माहीत आहे. लोक त्याकडे विरंगुळा म्हणून पाहतात. राज्यभर निवडणूक लढवायची मनात असेल तर शेतकरी आणि कामगार मतदारसंघातले दोन-तीन आमदार आपले मित्र असणं, ही फार मोठी कमाई असते.

आणि मग ते सपाटून हरले.

२००० साली ओबामांनी काँग्रेसच्या पहिल्या मतदारसंघात बॉबी रश यांना आव्हान दिलं. रश पूर्वीचे ब्लॅक पँथर, म्हणजे साठच्या दशकातल्या जहाल कृष्णवर्णीय संघटनेतले, दक्षिण शिकागोत मुळं घट्ट रुजलेले. जागा मोकळी नव्हती. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये रश यांच्या मुलाला गोळ्या घातल्या गेल्या, तो वाचला नाही. त्या दुःखात सगळा भाग त्यांच्या पाठीशी उभा राहिला. त्याच सुमारास बंदुकांविषयीच्या महत्त्वाच्या मतदानाला ओबामा गैरहजर राहिले. ते हवाईला होते, मुलगी आजारी होती. वर्तमानपत्रांनी झोडपलं. निकाल: रश ६१ टक्के, ओबामा ३०. तिसऱ्या क्रमांकावर डॉन ट्रॉटर, तेही राज्य सिनेटरच. विद्यापीठाच्या परिसरातला हा माणूस आपल्यातला नाही, ही भावना मतदारांत होती आणि ती ओबामांना पुसता आली नाही.

इथे एक बारकावा आहे जो बाहेरून पाहणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, आणि मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. एवढं हरूनही ओबामांची राज्यातली जागा शाबूत होती. इलिनॉयच्या सिनेटची मुदत सगळीकडे सारखी नसते. दर दहा वर्षांत कधी २, कधी ४ अशा वर्षांच्या मुदती येतात. ओबामा १९९६ मध्ये दोन वर्षांसाठी निवडून आले, १९९८ मध्ये चार वर्षांसाठी आणि २००२ मध्ये पुन्हा चार वर्षांसाठी. म्हणजे २००० आणि २००४ या दोन्ही वर्षी त्यांना राज्यात निवडणूकच नव्हती. वॉशिंग्टनची लढाई हरली तरी सोमवारी स्प्रिंगफील्डला आपल्या खुर्चीत जाऊन बसता येत होतं. राज्याच्या हाउसमध्ये असते तर दर दोन वर्षांनी निवडणूक, आणि काँग्रेसचा अर्ज भरायचा तर असलेली जागा सोडावी लागली असती. कारकीर्द तिथेच संपली असती, हे मी खात्रीने म्हणते.

याच नजरेने बाकीचे पाहा. प्रमिला जयपाल २०१४ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सिनेटवर चार वर्षांसाठी निवडून आल्या. २०१६ मध्ये जिम मॅकडरमॉट निवृत्त झाले, जागा सुटली, त्या गेल्या. सुहास सुब्रमण्यम व्हर्जिनियाचे. तिथे राज्याच्या निवडणुका विषम वर्षी होतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ते राज्य सिनेटवर आले, आणि खासदार जेनिफर वेक्सटन यांनी आजारपणामुळे पुन्हा न लढायचं ठरवल्यावर २०२४ मध्ये काँग्रेसला उभे राहून जिंकले. दोघांच्याही हातची जागा पणाला लागली नव्हती.

ओबामांकडे परत येते. २००१ मध्ये राज्यातल्या मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखायच्या होत्या. दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर हे होतं. इलिनॉयच्या घटनेत एक नवलाची तरतूद आहे: दोन्ही पक्षांचे सारखेच सदस्य असलेल्या आयोगाचं जमलं नाही, तर निर्णायक सदस्य चिठ्ठी काढून ठरवायचा. त्या वर्षी उंच टोपीतून चिठ्ठी निघाली आणि ती डेमोक्रॅट पक्षाची होती. एका चिठ्ठीने राज्याचा नकाशा एका पक्षाच्या हाती गेला. मी त्या पक्षासाठी कामं केली आहेत, तरी सांगते, ही पद्धत मला कधीच योग्य वाटली नाही. ओबामांचा नवा मतदारसंघ दक्षिण शिकागोतून तळ्याच्या काठाने वर सरकत शहराच्या मध्यापलीकडच्या धनिक वस्तीपर्यंत गेला. दोन वर्षांपूर्वी ज्यांना मतदारांनी परकं ठरवलं होतं, त्यांच्या मतदारसंघात आता मोठ्या देणग्या देणारे आणि वर्तमानपत्रं चालवणारे लोक आले. २००२ च्या निवडणुकीत राज्य सिनेटचं बहुमतही फिरलं.

जानेवारी २००३ मध्ये राज्य सिनेटचे अध्यक्ष झाले एमिल जोन्स. सात वर्षांपूर्वी काँग्रेसची लढत हरलेले तेच जोन्स. ते जिंकले असते तर वॉशिंग्टनमध्ये चारशे पस्तिसातले एक झाले असते आणि ओबामांच्या पाठीशी स्प्रिंगफील्डला कुणीच नसतं. एकाच जागेच्या निवडणुकीत पामर हरल्या म्हणून ओबामांना झगडून जागा मिळवावी लागली, आणि जोन्स हरले म्हणून त्यांना पाठीराखा मिळाला. जोन्स यांना ओबामांनी उघड सांगितलं होतं की तुमच्या हाती आता एका माणसाला अमेरिकेचा सिनेटर करण्याची ताकद आहे, आणि तो माणूस मी. जोन्स यांनी हा प्रसंग स्वतःच सांगितलेला आहे.

मग महत्त्वाची विधेयकं ओबामांच्या नावावर येऊ लागली. त्यातलं एक मला या सगळ्या कारकिर्दीतलं सर्वांत भरीव काम वाटतं. खुनाच्या गुन्ह्यात पोलीस संशयिताची कोठडीत चौकशी करतात, तिचं चित्रीकरण सक्तीचं करणारा कायदा. इलिनॉयमध्ये फाशीच्या कोठडीतली तेरा माणसं निर्दोष निघाली होती. जानेवारी २००३ मध्ये गव्हर्नर (इथले मुख्यमंत्रीच म्हणा) जॉर्ज रायन यांनी पद सोडता सोडता फाशीच्या सगळ्या शिक्षा रद्द केल्या होत्या. तरीही पोलीस आणि सरकारी वकील चित्रीकरणाच्या विरोधात होते, नवे गव्हर्नरही सुरुवातीला राजी नव्हते. ओबामांनी पोलिसांच्या संघटना, फाशीविरोधी कार्यकर्ते आणि दोन्ही पक्ष एका टेबलाला बसवले, आणि सिनेटमध्ये एकही मत विरोधात पडलं नाही. असा कायदा विधिमंडळाकडून करणारं इलिनॉय पहिलं राज्य. विधिमंडळात काम करणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देते. भाषण सगळेच करतात. न पटणाऱ्या माणसाला चौथ्यांदा फोन करून "तुमची नेमकी कुठल्या शब्दाला हरकत आहे?" असं विचारणारे थोडे.

यानंतर वॉशिंग्टनच्या सिनेटमधली इलिनॉयची जागा सुटली. रिपब्लिकन पीटर फिट्झजेराल्ड यांनी पुन्हा न लढायचं ठरवलं. पूर्वीच्या सिनेटर कॅरल मोझली ब्रॉन राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत गेल्या, म्हणजे त्याही आड येणार नव्हत्या. सिनेटची जागा म्हणजे अख्खं राज्य हाच मतदारसंघ, आणि दक्षिणेकडची ती पत्त्यांच्या टेबलावरची मैत्री आता कामाला आली. (एक माहिती जाता जाता: १९१३ पर्यंत सिनेटर जनता निवडत नसे, आपल्या राज्यसभेसारखे राज्यांचे आमदारच निवडत. म्हणून लिंकन १८५८ मध्ये लोकांत एवढे गाजूनही सिनेटवर जाऊ शकले नाहीत. तेही याच स्प्रिंगफील्डचे, राज्याच्या हाउसमध्ये चार वेळा निवडून आलेले आणि काँग्रेसमध्ये १८४७ ते १८४९ अशी एकच मुदत काढलेले.)

पैशाचं गणित इथे समजून घ्या, कारण राज्यातून वर जाणारे पुष्कळ जण इथेच अडतात. राज्याच्या निवडणुकीसाठी जमवलेला निधी काँग्रेसच्या निवडणुकीत वळवता येत नाही. केंद्राचे नियम वेगळे, खातं वेगळं, सुरुवात शून्यातून. त्या काळी इलिनॉयच्या राज्य निवडणुकीत देणगीला मर्यादाच नव्हती, काँग्रेससाठी मात्र एका माणसाने एका निवडणुकीत २,००० डॉलरच द्यायचे. ओबामांसमोर ब्लेअर हल नावाचे गडगंज श्रीमंत उमेदवार होते, ज्यांनी स्वतःचे २ कोटी ८० लाखांहून अधिक डॉलर ओतले. पण तेव्हाच्या कायद्यात एक कलम होतं: प्रतिस्पर्धी स्वतःचा प्रचंड पैसा घालत असेल तर तुमची देणगीची मर्यादा सहापट होते. म्हणजे हल यांच्या पैशामुळेच ओबामांना एकेका देणगीदाराकडून १२,००० डॉलरपर्यंत घेता आले. हे कलम पुढे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. शेवटच्या आठवड्यांत हल यांच्या घटस्फोटाचे कागद बाहेर आले आणि ते कोसळले. मार्च २००४ ची प्रायमरी ओबामांनी ५३ टक्के मतं मिळवून जिंकली. जूनमध्ये रिपब्लिकन उमेदवार जॅक रायन यांनाही घटस्फोटाच्याच कागदपत्रांपायी माघार घ्यावी लागली, ऐनवेळी मेरीलँडचे अ‍ॅलन कीज आणले गेले. २७ जुलैला बॉस्टनच्या पक्ष अधिवेशनात ओबामांचं देशभर गाजलेलं ते भाषण झालं आणि नोव्हेंबरमध्ये ७० विरुद्ध २७ टक्के.

नशीब, असं म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणत नाही. पण हल कोसळले त्या आठवड्यात मतपत्रिकेवर इतरही उमेदवार होते. टीव्हीवरच्या जाहिरातींसाठी शिल्लक ठेवलेला पैसा आणि राज्यभरच्या ओळखी मात्र ओबामांकडे तयार होत्या.

वॉशिंग्टनला गेल्यावर काय होतं, हेही भाच्याला माहीत असू दे. स्प्रिंगफील्डला समितीचे अध्यक्ष असलेले ओबामा जानेवारी २००५ मध्ये अल्पमतातले, ज्येष्ठतेत ९९ व्या क्रमांकाचे सिनेटर झाले. पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी सिनेटमधले डेमोक्रॅट नेते राहिलेल्या टॉम डॅशल यांच्या कार्यालयाचे जुने जाणते प्रमुख पीट राउस यांना आपल्याकडे घेतलं आणि राज्यातलाच धडा पुन्हा गिरवला. रिपब्लिकन टॉम कोबर्न यांच्याबरोबर २००६ मध्ये सरकारी खर्चाची माहिती सगळ्यांना संगणकावर पाहता यावी असा कायदा केला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आता "आपल्यापैकी" कोण, हा शेवटचा प्रश्न. दोन नावं, आणि दोन्ही मला जवळची वाटतात.

कुमार बर्वे यांचं आडनावच बोलकं आहे. जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीचा. १९९० मध्ये ते मेरीलँडच्या हाउस ऑफ डेलिगेट्सवर, म्हणजे तिथल्या विधिमंडळाच्या खालच्या सभागृहावर निवडून आले. कुठल्याही राज्याच्या विधिमंडळात निवडून गेलेले ते पहिले भारतीय-अमेरिकन. पुढे बारा वर्षं बहुमतातल्या पक्षाचे सभागृहनेते होते. २०१६ मध्ये त्यांच्या भागातली काँग्रेसची जागा मोकळी झाली आणि ते उभे राहिले. मेरीलँडच्या निवडणुका २०१४ आणि २०१८ ला, त्यामुळे राज्यातली जागाही सुरक्षित. पंचवीस वर्षांचा अनुभव, मोकळी जागा, सोयीचं वर्ष, सगळं जुळलेलं. आणि प्रायमरीत त्यांना तीन टक्क्यांहून कमी मतं मिळाली. जिंकले जेमी रास्किन, तेही राज्य सिनेटरच आणि घटनेचे प्राध्यापक. डेव्हिड ट्रोन नावाच्या व्यापाऱ्याने स्वतःचे १ कोटी २० लाखांहून अधिक डॉलर खर्चूनही तो रास्किन यांच्या मागे राहिला. सभागृहातली ज्येष्ठता मतदाराला दिसत नाही. तुम्ही कशासाठी लढलात हे त्याला एका वाक्यात सांगता यावं लागतं, आणि रास्किन यांच्याबद्दल ते सांगता येत होतं. बर्वे राज्यातच राहिले आणि पर्यावरण व वाहतूक समितीचं काम करत राहिले. मी याला अपयश मानत नाही. मेरीलँडच्या कायद्यांवर त्यांचा ठसा आहे.

दुसरे श्री ठाणेदार. चिकोडीचा जन्म, बेळगावचं बालपण, मुंबई विद्यापीठाची एमएस्सी, १९७९ मध्ये अमेरिकेला येऊन अ‍ॅक्रन विद्यापीठात रसायनशास्त्राची डॉक्टरेट, मग उद्योग. त्यांची मराठी आत्मकथा आपल्याकडे घरोघरी वाचली गेली. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅट प्रायमरीत ते तिसरे आले. त्यानंतर त्यांनी वाट बदलली. २०२० मध्ये डेट्रॉइटमधून राज्याच्या हाउसवर गेले, आणि २०२२ मध्ये नव्या नकाशाने काँग्रेसचा तेरावा मतदारसंघ मोकळा पडला तसे तिथे उभे राहिले. राज्यात दोन वर्षांचीच मुदत, म्हणजे हातची जागा सोडून. प्रायमरीत नऊ उमेदवार होते, मतं फुटली, ते सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले. स्वतःचा पैसा होता, हे खरंच. डेट्रॉइट हे बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं शहर आहे, आणि त्या निकालानंतर जवळजवळ सात दशकांत प्रथमच शहराला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. ही खंत तिथले लोक बोलून दाखवतात आणि आपण मराठी माणसांनी ती समजून घ्यावी. आपला माणूस तिथे गेला याचा अभिमान मलाही आहे. तरी ज्यांचं प्रतिनिधित्व करायचं त्यांच्या आठवणी आपल्या अभिमानापेक्षा जुन्या आहेत.

भाच्याला एवढंच कळवा. वॉशिंग्टनचं नाव आत्ताच काढू नकोस. तुझ्या भागातल्या राज्य सिनेटरची मुदत २ वर्षांची आहे की ४ ची, ते आधी बघ. तुमचे खासदार किती वर्षांचे आहेत आणि पुढच्या निवडणुकीसाठी निधी गोळा करत आहेत का, ते बघ. त्यांचे जमाखर्च दर तीन महिन्यांनी सगळ्यांना पाहायला उपलब्ध असतात, आणि जो खासदार पैसा गोळा करायचं थांबतो तो बहुधा निघायच्या तयारीत असतो. स्कूल बोर्डाच्या बैठकीला येणाऱ्या, रागावून बोलणाऱ्या लोकांची नावं-पत्ते लिहून ठेव. उद्या सह्या घ्यायला त्यांच्याच दारात जायचं आहे. आणि मतदार यादीत त्याचं स्वतःचं नाव कसं नोंदलंय ते आजच तपासायला सांगा. वडिलांचं नाव मधे आहे की नाही, स्पेलिंग कुठलं आहे. आपल्याकडच्या मुलांच्या पासपोर्टवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि मतदार यादीत तिसरंच असतं. हरकत घेणारा वकील सुरुवात तिथूनच करतो.